ट्रकच्या आधीची दिवाळी

कौसा बसलेली मी एकदाच पाहिली. बाकी सगळा वेळ ती उभी, नाहीतर चालत. जेवायचीसुद्धा उभ्यानं. एका हातावर भाकरी, भाकरीवरच कोरड्यास, आणि तेवढ्यात दारापासून चुलीपर्यंत दोन फेऱ्या. मी म्हणायचे, "अगं, घास तरी टेकून खा." ती म्हणायची, "इळा टेकला की गंजतो, आक्का."

परवा नातसुनेनं विचारलं, आजी, तुमच्या वेळेला दिवाळी किती दिवसांची असायची? मी म्हटलं, आमची पाच दिवसांची. शेजारची एका दिवसात उरकायची. ती हसली. हसण्यासारखं होतंच. आम्हीही हसलो होतो.

कौसा माझ्या शेजारची. मध्ये बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं, ते तिच्या येण्याजाण्यानं एका जागी मोडलं ते मोडलंच. आमचं गाव पाथर्डीकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. बाजरी झाली तर झाली. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला श्रीगोंद्याकडं जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. आमच्या विहिरीला थोडंफार पाणी असायचं, म्हणून आम्ही मागं राहायचो.

ती दिसायला काही विशेष नव्हती. हात मोठे, आवाज मोठा. स्वयंपाक बेताचा. तिचे कानुले, म्हणजे करंज्या, अशा की कड चावताना माझी दाढ हलली होती. तिचा नवरा भानुदास अगदी उलटा. बसला की बसला. अंगावर माशी बसली तर ती कंटाळून आपणच उठून जावी, इतका शांत. दोन पोरं, मंगल आणि बाळू. मंगल मोठी, पाच वर्षांची. बाळू नुकता चालायला लागलेला. वय म्हणाल तर कौसाचं तेव्हा बावीस-तेवीस असेल. सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट.

तिच्या दिवाळीची सुरुवात माझ्या अंगणात झाली. चैत्र होता. ही मंडळी तोडीवरून दोन दिवसांपूर्वी आलेली. माझ्या सासूबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मंगल समोर आली तशी त्यांनी विचारलं, "मंगे, कुठं गेल्ती गं इतकी दिस?"

मंगल म्हणाली, "गेल्ते न्हाई, आले. घरून आले. आता परत घरी कवा जायाचं?"

ती कोपीला घर म्हणत होती. कोपी म्हणजे उसाच्या पाचटाची झोपडी, वाकून आत जायचं आणि वाकूनच बाहेर यायचं. सासूबाई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. कौसा तेव्हा डोक्यावर हंडा घेऊन कुंपणाच्या तोंडाशी होती. ती थांबली. ती थांबते हेच नवल, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं.

दुपारी ती माझ्याकडं आली आणि येरझाऱ्या घालत बोलायला लागली. "आक्का, माझ्या पोरीला घर कंचं ते ठावं न्हाई. थंडी तिथं, दिवाळी तिथं, बाळ्यानं पयलं पाऊल टाकलं तेबी तिथं. हितं काय, तर उनाळा. आन् दिवाळी तरी कसली? आंगुळीच्या दिशी पहाटंच ट्रक भराया आला. पोरं तशीच पारुशी. दारातून कारखान्याच्या चाळीतले आकाशकंदील बघत बसली. मंगी म्हनली, आई, ही कुनाची जत्रा?"

"मग आता काय करशील?" मी विचारलं.

"दिवाळी हितं करनार. पोरांच्या डोक्यात लई न्हाई मावत, आक्का. जिथं दिवाळी त्येच घर."

"तुम्ही तर दसऱ्याला जाता."

"मग जायच्या आदी करनार."

मला वाटलं, बोलते आहे. पण त्या वर्षी दसरा झाला, कोजागिरी झाली, मुकादमाचा सांगावा आला की परवा ट्रक, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणातून आवाज, "आक्का, कातनं द्या, कानुले कापायचंत."

सासूबाई अंथरुणातून म्हणाल्या, "का गं, पंचांग तुझ्या बापानं लिवलंय व्हय?"

"पंचांगवाल्याला ऊस तोडाया जायाचं नसतंय, मावशी," कौसा म्हणाली आणि कातणं घेऊन गेलीसुद्धा.

तो दिवस मी पाहिला. पाहिला म्हणजे काय, माझं काम सोडून कुंपणाशी उभी राहिले. वसुबारसेला गाय-वासरू ओवाळतात, तर तिनं शेळी ओवाळली. "दूध देती न्हवं? मग." लगेच पोरांना तेल-उटणं. उटणं म्हणजे हळद आणि हरभऱ्याचं पीठ, दुसरं काही नाही. बाळू किंचाळत होता, मंगल ऐटीत बसली होती. मग अंगणात शेणाच्या गवळणी, म्हणजे छोट्या बाहुल्या, मांडल्या, पाच. लक्ष्मीपूजन भर दुपारी. सासूबाई म्हणाल्या, लक्ष्मी अंधारात येते गं. कौसा म्हणाली, "आमची उन्हात येती. तिलाबी वाट नीट दिसंल." मग पाडवा. भानुदासला सकाळी पाटावर बसवला होता तो दुपारपर्यंत बसलेलाच. त्याला उठवायचं तर परत बसवावं लागेल, म्हणून सगळे सण तिनं त्याच्याभोवतीच फिरवले. तो मधूनमधून एवढंच विचारायचा, "आता कंचा?"

राहिली भाऊबीज. भाऊ पारनेरकडं. त्याला दसऱ्यालाच सांगावा धाडला होता, तर त्यानं कळवलं, दिवाळीला येईन. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक दारात उभा, बोचकी चढलेली, आणि ही ताट घेऊन अंगणात. भाऊ नसला की बायका चंद्राला ओवाळतात ते खरं, पण संध्याकाळी. तिनं सकाळीच ओवाळलं. वद्यातला चंद्र सकाळी डोंगरावर असतोच, पांढरा, उष्टी भाकरी ठेवावी तसा. आपण बघत नाही एवढंच.

जाताना तिनं किल्ली माझ्या हातात दिली आणि एक बाटली. चिंधीचा बोळा बसवलेली, आत पावशेरभर तेल. "आक्का, खऱ्या दिवाळीला धनतेरशीपासून माझ्या उंबऱ्यावर पनती ठिवा. म्या तिथं पोरान्ला सांगनार, आपल्या घरी आता दिवा लागला आसंल. मला खोटं पाडू नका."

मी म्हटलं, रिकाम्या घराला दिवा लावून काय उपयोग? ती ट्रकात चढत होती. तिनं ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं.

मी पणती ठेवली. तेल दिलेलं होतं, ठेवायला हवी होती. अंगणात तिच्या गवळणी वाळून दगड झाल्या होत्या, त्यातली एक आमच्या कुत्र्यानं नेली.

दोन वर्षं असं चाललं. गावात कुणी घाईनं काही उरकलं की 'कौसाची दिवाळी केली' असं लोक म्हणायला लागले. तिला ते कळलं. ती म्हणाली, "म्हनू द्या. नुसतं म्हनत्यात, करून तर कुनी दावत न्हाई ना?"

मग दुष्काळाचं साल आलं. बाजरी पेरली ती उगवलीच नाही. आमच्या विहिरीत हंडा बुडेना, वाटीनं पाणी भरावं लागे. रेशनवर लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी खाताना तोंडात माती असल्यासारखं वाटे. तशात कौसानं नागपंचमीपासून रेशनची साखर चिमूटचिमूट मागं टाकली. कुठं ठेवायची ते मलाही सांगितलं नाही. तेल मात्र मिळेल तसं एका डब्यात साठवत होती, ते मला दिसायचं.

दसऱ्यानंतर दगडू मुकादमाचा सांगावा आला, गुरुवारी ट्रक. बुधवारी हिनं दिवाळी केली. सगळी साखर, सगळं तेल काढलं. मी म्हटलं, "थोडं राखून ठेव." ती म्हणाली, "घेऊन कुठं जाऊ? हितंच खपलं पायजे." पाच घरी फराळाची ताटं पाठवली. आमच्याकडून ताट रिकामं परत द्यायचं नाही म्हणून मी त्यात मीठ घालून दिलं. दुसरं काही नव्हतं. बाटली आणि किल्ली माझ्याकडं आली. नेहमीसारखं.

गुरुवारी ट्रक आला नाही. शुक्रवारीही नाही. बोचकी बांधलेली, भांडी बांधलेली, चुलीवर ठेवायला तवासुद्धा बाहेर नाही. ती दिवसातून चार वेळा फाट्यापर्यंत जाऊन यायची. एसटीचा आवाज आला तरी धावायची. पोरं बोचक्यांवर बसून विचारायची, "आता जायाचं?" रविवारी मुकादम सायकलवरून आला. म्हणाला, "ऊसच वाळलाय. औंदा आपली टोळी लावत न्हाईत."

"आन् हे आज सांगतूस?" कौसा म्हणाली.

"मलाबी आजच कळलं, बाई. माझ्या हातात काय हाय?"

खरंच त्याच्या हातात काही नव्हतं. कौसानं त्याला पाणी दिलं, तेही अर्धा तांब्या, आणि दोरी सोडून तवा बाहेर काढला.

दोघंही मग दुष्काळी कामावर जायला लागले. खडी फोडायला बसावं लागतं, म्हणून तिनं डोक्यावर पाट्या वाहायचं काम घेतलं. बायका म्हणायच्या, ही येडी, सावलीतलं काम सोडून उन्हात पळती.

धनतेरस आली. तिन्हीसांजेला मी कामाच्या नादात तिच्या तेलाची बाटली आणि पणती घेऊन कुंपणातून पलीकडं गेले. पायाला सवय झालेली. घरात माणसं आहेत हे डोक्यातच आलं नाही. आणि उंबऱ्यावर कौसा बसलेली. गुडघे पोटाशी, हात गुडघ्यांखाली दाबलेले. मागं घरात अंधार. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

"काय झालं गं?"

"काय न्हाई."

गावात सात-आठ घरी पणत्या लागल्या होत्या. दुष्काळ असला तरी एखादी पणती लागतेच. मंगल अंगणात उभी राहून त्या बघत होती. ती मला म्हणाली, "आक्का, लोकांची दिवाळी आत्ता हाय. आपली झाली."

कौसा म्हणाली, "ऐकलंसा? पोरं चार वर्सात पयल्यांदा दिवाळीला घरात हायती, आन् घरात बोट बुडवाया तेल न्हाई. साखर न्हाई. म्याच खाल्ली पोरांची दिवाळी. घाई घाई केली आन् खाल्ली."

मी बाटली पुढं केली. "तुझीच आहे."

ती बाटलीकडं बघतच राहिली. विसरली होती ती. मग म्हणाली, "ती दिलेली हाय. दिलेलं कसं माघारी घेऊ?"

"रिकाम्या घराला लावायला दिली होतीस. घर रिकामं आहे का?"

"न्हाई."

"मग धर. मी का तुझ्या घरात माणसं असताना तुझ्या उंबऱ्यावर दिवे लावू? मला दुसरी कामं नाहीत?"

ती उठली. एवढंच. पावशेरभर तेल, त्याचं तिनं काय काय केलं ते सांगते. रोज एक पणती, एकच, उंबऱ्यावर. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरांच्या टाळूवर आणि तळपायांना बोट बोट. पाणी माणशी एक तांब्या, आणि ते खाली परातीत धरून शेळीला पाजलं. कामावर पोरांना सुकडी मिळायची, गोडसर पीठ, ते चार दिवस न खाता ठेवलं. त्याचे लाडू वळायला घेतले. ते वळेनात, फुटायचे. मंगल म्हणाली, "औंदा आपली दिवाळी दोनदा झाली." ती सगळ्या गल्लीत हे सांगत फिरली. ऐकणारांना वाटलं, या दुष्काळात कौसाकडं एवढं आलं कुठून?

भाऊबीजेला या वर्षी खरी भाऊबीज होती. भाऊ काही आला नाही. तोही तिकडं खडीवर असेल. हिनं संध्याकाळच्या कोरीला ओवाळलं आणि म्हणाली, "ह्यो लईच बारीक. सकाळचा बरा हुता."

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. विहीर भरली. ऊसही आला असावा, कारण दसऱ्यालाच ट्रकची बोलणी सुरू झाली. पण आता कौसा शहाणी झाली होती. "ट्रक डोळ्यांनी दिसल्याबिगर कढई चुलीवर चढायची न्हाई." दहा दिवस ती तशी राहिली. पीठ मोजून ठेवलेलं, हळद-बेसन चिंधीत बांधलेलं, सरपण रचलेलं, हंडा चुलाणावर पाण्यानं भरलेला, आणि कान रस्त्याकडं. त्या दहा दिवसांत तिच्या पायाखाली अंगणात वाट पडली. मलाही त्याची लागण झाली. भाकरी थापताना मी थांबून ऐकायचे. सासूबाई म्हणाल्या, "एक येडी हुती ती बरी हुती."

सांगावा आलाच नाही. एका सकाळी, सूर्य वर यायच्या आत, ट्रकच आला. त्यात शेजारच्या गावची चार कुटुंबं आधीच बसलेली. दगडू मुकादम खाली उतरून ओरडला, "कौसे, चल, बोचकी टाक! उशीर झालाय."

"टाकते. आदी पोरांची आंगूळ."

"आगं, कारखान्यावर कर की. कालवा हाय तिथं."

"ती आंगूळ न्हवं ही."

चुलाण पेटलं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मुकादम भानुदासकडं वळला. "भानुदास, लेका, बायकुला सांग काहीतरी."

भानुदास घरात गेला. मला वाटलं, बोचकी आणायला गेला. तो पाट घेऊन बाहेर आला. तो त्यानं ट्रकच्या पुढच्या चाकासमोर ठेवला, टोपी नीट केली आणि त्यावर बसला.

"ह्ये काय?" मुकादम म्हणाला.

"पाडवा राहिलाय," भानुदास म्हणाला.

मी त्याला इतकी वर्षं ओळखत होते, त्यानं आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट. ट्रकातल्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. कौसानं चाकाशी जाऊन त्याला ओवाळलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

मग कौसानं मंगल आणि बाळूला दगडावर बसवून उटणं लावायला घेतलं. ट्रकातली एक बाई, कडेवर पोर घेऊन, खाली उतरली. बाजूला उभी राहिली. कौसानं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "बसवा की वो त्यालाबी. काय बघताय?" मग दुसरी उतरली. मग तिसरी. नऊ पोरं झाली. उटणं संपलं, तर नुसतं पीठ लावलं. हंडा संपला. मला कुणी विचारलं नव्हतं, पण विहीर माझी आणि बादल्याही माझ्या, त्यामुळं मी शेंदत बसले. शेवटच्या तिघांना गार पाण्यानंच न्हाऊ घातलं, ती अशी रडली की गावातली माणसं जमा झाली. कानुल्यांचा एकच घाणा निघाला. ड्रायव्हरनं एक खाल्ला आणि म्हणाला, "बाई, टायरला ठिगळ लावाया चालंल." कौसा म्हणाली, "मग दोन घ्या. येक वाटंला लागंल."

त्या हंगामानंतर ते परतले नाहीत. भानुदासला तिकडंच एका मळ्यात सालानं काम लागलं, राहायला खोली मिळाली. असं कळलं. कळलं तेवढंच. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी मी काही वेगळं केलं असतं असं नाही.

शेवटी सगळी चढली. किल्ली आणि बाटली कौसानं पळतापळताच माझ्याकडं दिली. ट्रक सुरू झाला. बाकीच्या बायका बोचक्यांना टेकून खाली बसल्या. ही उभी, पुढं केबिनच्या मागं, हातात ताट. भाऊबीज राहिली होती. समोर डोंगरावर तो पांढरा चंद्र होता आणि ट्रक त्याच दिशेला चालला होता. पहिल्याच धक्क्याला ताटातला दिवा विझला. तिनं बघितलं, आणि विझलेल्या दिव्यानंच ओवाळत राहिली. एका हातानं फळी धरलेली, दुसऱ्या हातात ताट फिरतंय. माझ्याकडं तिची पाठ होती.

मागच्या फळीवरून मंगलचं तोंड वर आलं. केस ओले, कपाळाला पीठ तसंच. ती ओरडली, "आक्का, दिवाळीला आमच्या घरी दिवा लावा! आमी परत घरी येनार हाय!"

मी हात केला नाही. दोन्ही हातांत बादल्या होत्या.